कांचीपुरमला निघालेली किल्ली

मदरास शहरात गुन्हे इतके कमी का, असं कोणी विचारलं, की व्यासराजमामा आधी थोडे लाजत आणि मग स्वतःकडे बोट दाखवत. कोणी विचारलं नाही तरी दाखवत. "विलायतेत माझ्या तोडीचे तीन-चार जण निघतील," ते म्हणत, "पण हिंदुस्थानात दुसरा शोधावा लागेल, आणि तो शोधायलाही मलाच बोलावतील." त्यांची नजर घारीची होती, कान सशाचे होते आणि स्मरणशक्ती हत्तीची होती, असं त्यांचंच मत होतं. एवढे प्राणी एका माणसात राहत असल्यामुळे माणसाला जागा थोडी कमी पडे, असं त्यांची थोरली बहीण अन्नपूर्णाबाई म्हणायची.

दिवसा मामा जॉर्ज टाउनमधल्या एका जहाजवाल्या पेढीत कारकून होते. ती नोकरी नसून वेषांतर आहे, असा त्यांचा खुलासा होता. वेषांतर अगदी बेमालूम असणार, कारण पेढीने त्यांना आजवर एकदाही बढती दिली नव्हती.

या सगळ्याचा भार वाहणारा गडी म्हणजे त्यांचा भाचा राघोत्तम. राघोत्तमचे वडील बदलीवर मदुरेला, घरी आई अन्नपूर्णाबाई, आणि घरातला कर्ता पुरुष म्हणून मामा. राघोत्तम एका विमा कचेरीत होता. स्वभावाने गरीब, तिशी ओलांडलेला, आणि अजून बिनलग्नाचा. याचं कारण रहस्यमय अजिबात नव्हतं. मैलापूरची मुलगी पाहायला गेले तेव्हा मामांनी मुलीच्या बापाच्या चपला निरखून "आपण नुकतेच कोर्टातून आलेले दिसता" असं सांगितलं. गृहस्थ भावाशी जमिनीचा खटला हरून आला होता. सैदापेटला मामांनी चोरकप्पा असल्याच्या संशयावरून हार्मोनियम उघडली, आणि ती पुन्हा मिटली नाही.

आता तिसरं स्थळ आलं होतं. कांचीपुरमचे वेंकटरमणराव, शाळामास्तर, आपल्याच तंजावरकडचे. मुलगी हेमावती. राघोत्तमने तिला एकदा पाहिलं होतं, नात्यातल्या एका लग्नात. तिने त्याच्या पानात न विचारता दुसऱ्यांदा खीर वाढली होती आणि म्हणाली होती, "हवी आहे, तोंडावर दिसतंय." तेव्हापासून राघोत्तमला दुसरं काही सुचत नव्हतं. वेंकटरमणरावांचा निरोप स्पष्ट होता. रविवारी दुपारच्या जेवणाआधी या. त्यानंतर वेल्लूरचा एक मुलगा येणार आहे. मास्तर वेळेचे फार पक्के, उशिरा आलेल्या पोराला वर्गात घेत नाहीत आणि जावयालाही घेणार नाहीत, असं मध्यस्थाने बजावून सांगितलं होतं. हे स्थळ हातचं गेलं तर आपण जन्मभर मामांबरोबर पावलांचे ठसे मोजत बसणार, हे राघोत्तमला पक्कं ठाऊक होतं. त्याने कचेरीतल्या एका स्नेह्याची जुनी मोटार एका दिवसापुरती मागून आणली. बस वाटेत दर झाडाखाली थांबते, मोटार थांबणार नाही, असा त्याचा साधा विचार.

शनिवारी दुपारी मामांनी प्रवासाची आखणी हाती घेतली. नुंगंबाक्कमच्या घराच्या ओसरीवर नकाशा पसरला. अंतर मोजायला त्यांनी जानवं वापरलं. वळणावर जानवं निसटलं की कांचीपुरम दोन मैल जवळ येई.

"पूनमल्लीवरून श्रीपेरुंबुदूर, तिथून सरळ कांची," राघोत्तम म्हणाला. "सगळे असेच जातात."

"म्हणूनच आपण तसं जायचं नाही. आपण तांबरमवरून चेंगलपटला जायचं. पाठलाग करणारा पूनमल्लीला वाट बघत राहील."

"आपला पाठलाग कोण करणार, मामा?"

"तेच तर अजून कळलेलं नाही," मामा गंभीरपणे म्हणाले, आणि चेंगलपटभोवती लाल पेन्सिलीने वर्तुळ काढलं.

राघोत्तमने वाद घातला नाही. चालवणारा तो होता, चाकं पूनमल्लीकडे वळवणं त्याच्याच हातात होतं. त्याने गाडीची किल्ली दिवाणखान्यातल्या कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि तो कोपऱ्यावर दाढी-हजामत करायला गेला.

रविवारी सकाळी आंघोळ करून येतो तर खिळ्यावर किल्ली नव्हती.

राघोत्तमने कॅलेंडरमागे पाहिलं, खाली जमिनीवर शोधलं. मामांचा चेहरा मात्र उजळला. त्यांनी खिळा भिंगातून पाहिला, मग हुंगला.

"लोखंडी आहे," ते म्हणाले.

"आईला विचारू या?"

आई देवघरात सोवळ्यात होती. रविवारची तिची पूजा लांबलचक, आणि नैवेद्य होईपर्यंत मौन. मामांनी दारात उभं राहून विचारलं, "अक्का, किल्ली गेली. कोणावर संशय?" अन्नपूर्णाबाईंनी डोळे उघडले, शांतपणे मामांकडे बोट दाखवलं, मग पश्चिमेच्या भिंतीकडे दाखवलं, हातानेच 'गप्प बसा' अशी खूण केली आणि पुन्हा घंटा वाजवायला घेतली.

"पाहिलंस?" मामा बाहेर येऊन म्हणाले. "म्हणजे हा तपास मीच करावा, अशी तिची इच्छा आहे. आणि पश्चिमेला धोका आहे."

पहिला संशय कावळ्यावर गेला. चकाकणारी वस्तू, उघडी खिडकी, समोर नारळाचं झाड. मामा झाडाखाली उभे राहून बराच वेळ कावळ्यांना टक लावून बघत होते. कावळे गडबडले नाहीत, तेव्हा मामांनी त्यांना निर्दोष सोडलं. दुसरा संशय वेल्लूरच्या मुलावर. त्याने हेर पाठवून गाडी अडवली असणार. तिसरा त्याहून मोठा. बंदराबाहेरच्या जहाजांवरून चोरटं सोनं उतरतं, ते कोवलमच्या कोळ्यांच्या होड्यांतून किनाऱ्याला लागतं आणि तिथून मदरासला आणायला कोणाच्या डोळ्यांत न भरणारी जुनी मोटार लागते.

"पण मोटार तर दारात उभी आहे, मामा. किल्लीच गेली आहे."

"सुरुवात अशीच होते," मामा म्हणाले.

मग त्यांना मागच्या अंगणात ठसे सापडले. मागच्या दारापासून कुंपणाच्या फटीपर्यंत, आणि फटीपलीकडे नारायणस्वामींचं घर. नारायणस्वामी निवृत्त पोस्टमास्तर, कालपासून आरामखुर्चीत बसून मोटारीकडे एकटक बघत होते. मामा ठशांवर ओणवे झाले.

"वय साठीला टेकलेलं. पोट सुटलेलं, कारण टाच खोल गेली आहे. डावी चप्पल झिजलेली. इथे तपकीर सांडली आहे. माणूस घाईत होता, आणि माझ्या मते फार हुशार नाही." ते उठले, खिशातून डबी काढून तपकिरीची चिमूट ओढली. "नारायणस्वामी तपकीर ओढतात का रे?"

"नाही."

"मग लपवून ओढत असणार."

राघोत्तमने मामांच्या चपलांकडे पाहिलं. त्याच्या तोंडाशी काहीतरी आलं होतं, पण वडीलधाऱ्याला असं कसं विचारायचं, म्हणून ते तिथेच राहिलं. या भिडेने पुढे त्याची सगळी सकाळ खाल्ली.

कारण मामांनी ठरवलं की चोर किल्लीची नक्कल करून घेणार, आणि नकला बनवणारे कुलूपवाले सगळे जॉर्ज टाउनमध्ये. दोघे बसने तिकडे गेले. रविवार असल्यामुळे गल्ली बंद होती. मामांच्या मते हा कटाचाच भाग होता. राघोत्तमने दर आठवड्याला रविवार येतो असं सुचवून पाहिलं. परतीच्या बसमध्ये त्याने मामांच्या शेजारची जागा सोडून दुसरीकडे बसणं पसंत केलं. तो खिडकीतून बाहेर बघत होता आणि त्याला रडू येत होतं. वेल्लूरचा मुलगा या वेळी घरून निघालाही असेल.

घरी पोचले तेव्हा अन्नपूर्णाबाई काठाची रेशमी साडी नेसून, फळांची परडी मांडीवर घेऊन ओसरीवर बसल्या होत्या. पूजा केव्हाच आटोपली होती.

"कुठे गेला होतात रे दोघे? ऊन डोक्यावर आलं."

मामा उत्तर देणार एवढ्यात कुंपणाच्या फटीतून नारायणस्वामी आले. हातात हळदीने पिवळं झालेलं एक गाठोडं.

"सार, तुम्ही निघणार की नाही? मला देवळात जायचंय. हे तुमचं घरात असताना कुलूप लावून कसं जाऊ?"

मामांनी झडप घालून गाठोडं घेतलं आणि सोडलं. मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड, आणि मोटारीची किल्ली.

"मुद्देमाल," मामा म्हणाले. त्यांचा आवाज समाधानाने जड झाला होता. "नारायणस्वामी, आता खोटं बोलण्यात अर्थ नाही. हे तुमच्या घरात कोणी आणलं?"

"तुम्हीच, सार. काल संध्याकाळी. उद्यापर्यंत जपून ठेवा म्हणालात, आणि माझा पेपर घेऊन गेलात."

मामा नारायणस्वामींकडे बघत होते, राघोत्तम मामांकडे बघत होता, आणि अन्नपूर्णाबाई दोघांकडे, काय चुकलं ते न कळून.

"बरोबर आहे की," त्या म्हणाल्या. "रविवारी पश्चिमेला दिशाशूळ, त्या दिशेला निघायचं नाही. कांची पश्चिमेला. तुमच्या कचेऱ्यांना दुसरा दिवस चालत नाही. म्हणून काल चांगली वेळ पाहून प्रस्थान ठेवलं. आपलं सामान आदल्या दिवशी त्या दिशेच्या घरी गेलं, म्हणजे आपण कालच निघालो. जाणाऱ्याच्या हातूनच जायला हवं, म्हणून व्यासाकडे दिलं. बडबडत का होईना, आत काय ते न बघता, नेलं त्याने."

"पण आई, त्यात किल्ली कशाला?"

"बैलगाडी होती तेव्हा आम्ही बैलाची वेसण ठेवायचो. मोटारीला वेसण कुठे असते? तिचं काहीतरी ठेवायला नको?"

"अगं, पण किल्लीशिवाय गाडी निघणार कशी?"

"नारायणस्वामींच्या दारापर्यंत ढकलायची, तिथे गाठोडं उचलायचं आणि पुढे जायचं. एकच तर घर आहे. बैल किल्लीने सुटत होते का?"

नारायणस्वामींनी मान डोलावली, त्यांना सगळं रास्त वाटलेलं दिसलं. मामा मात्र आपल्या डाव्या चपलेकडे खाली बघत उभे होते.

राघोत्तमने किल्ली उचलली. मामा सवयीने मोटारीकडे वळले, आणि राघोत्तमला मैलापूर आठवलं, सैदापेट आठवलं. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्याने मामांना अडवलं.

"मामा," तो म्हणाला, "किल्ली सापडली, पण सोन्याचं प्रकरण अजून उघडं आहे. घरावर नजर ठेवायला कोणीतरी हवं. तुम्ही इथेच थांबलात तर बरं."

मामा मोटारीकडून मागे वळले.

"सोनंबिनं काही नाही रे," ते हळूच म्हणाले. "एवढं मला कळतं. मी बरोबर नको आहे, हेही कळतं. माझा आजचा एवढा एकच तर्क बरोबर निघाला असेल. जा तू. विचारलं त्यांनी, तर सांग मामाला काम निघालं."

ते ओसरीवर बसले आणि नकाशाची घडी घालू लागले. घडी जमेना. वडील वर्षातले दहा महिने परगावी असताना राघोत्तमला सायकल याच माणसाने शिकवली होती, तापात उशाशी हाच बसला होता. त्याने गाडीचं मागचं दार उघडलं.

"बसा, मामा. फक्त कांचीत एकही प्रश्न विचारायचा नाही."

"एकही?"

"एकही."

अन्नपूर्णाबाईंच्या समाधानासाठी गाडी नारायणस्वामींच्या दारापर्यंत ढकलत नेली. ढकलणारे स्वतः नारायणस्वामी आणि मामा. मग राघोत्तमने किल्ली फिरवली आणि कोणाला न विचारता पूनमल्लीचा रस्ता धरला. मामा मागे ओठ घट्ट मिटून बसले होते. श्रीपेरुंबुदूरला फक्त इंजिनात पाणी घालायला थांबले.

कांचीपुरमला पोचले तेव्हा वेंकटरमणरावांची जेवणं होऊन पानंही उचलली होती. मास्तर दारातच उभे होते, चेहरा परीक्षेच्या दिवसाचा.

"उशीर झाला," ते म्हणाले.

मामांनी छातीभर श्वास घेतला, तोंड उघडलं, राघोत्तमकडे नजर गेली, तोंड मिटलं. राघोत्तमने काही लपवलं नाही. प्रस्थान, किल्ली, ठसे, जॉर्ज टाउन, सगळं सांगून टाकलं. आतल्या दारामागे कोणीतरी हसू दाबत होतं, ते दाबता दाबता फुटलं.

मास्तर हसले नाहीत. ते अन्नपूर्णाबाईंकडे वळले. "प्रस्थान ठेवून आलात? कचेऱ्यांना सुट्टी म्हणून रविवार मी दिला खरा, पण त्या दिवशी पश्चिमेला येणारी माणसं कसली, याचाच मी सकाळपासून विचार करत होतो. मग तुम्ही कालच निघालात. उशीर कसला?" आणि त्यांनी पाट मांडायला सांगितले.

हेमावती बाहेर आली. कापी, म्हणजे तिकडची कॉफी, दिली. रीतीप्रमाणे मुलाकडच्यांनी प्रश्न विचारायचे. सगळ्यांच्या नजरा मामांवर. मामा कपाळावरचा घाम पुसत छताकडे बघत राहिले.

"तुमच्याकडून काहीच विचारायचं नाही?" मास्तरांनी नवलाने विचारलं.

"मग मी विचारू?" हेमावती म्हणाली. ती अन्नपूर्णाबाईंकडे वळली, आणि तिचा आवाज मघाच्या हसण्यातला नव्हता. "मी मदरासला आले आणि इथे अम्माला बरं नाही असा निरोप आला, तर मला दिवस बघून निघावं लागेल?"

दारामागे उभी असलेली हेमावतीची आई पुढे सरकली. राघोत्तमने आईकडे पाहिलं. चाळीस वर्षं राहुकाळ चुकवल्याशिवाय साधी भाजीही न आणलेली त्याची आई.

अन्नपूर्णाबाईंनी कापीचा पेला खाली ठेवला.

"आईकडे यायला कसला दिवस, पोरी? उठायचं आणि निघायचं. हा आणून सोडेल."

वेंकटरमणरावांनी वेल्लूरच्या लोकांना काय सांगायचं ते धाकट्या भावाच्या कानात सांगितलं आणि लग्नाची तिथी बघायला पंचांग मागवलं.