अण्णांची जागा

आमचे नागनाथअण्णा खुर्चीवर बसत नाहीत. लग्न असो, बँक असो की मयत, अण्णा उकिडवे बसणार आणि डावा पंजा पुढे उघडा धरणार. लातूरच्या आमच्या बेसबॉल संघाचे ते जुने कॅचर. म्हणजे मी फेकलेला चेंडू बॅटवाल्याच्या मागे बसून झेलायचा, आणि कसा फेकायचा ते मला मांड्यांच्या आडून बोटांनी खुणावायचं. एकदा पंगतीत त्यांनी सवयीने मला दोन बोटं दाखवली, तर वाढप्याने त्यांच्या पानात दोन जिलब्या टाकल्या. अण्णांनी त्या मुकाट खाल्ल्या.

पुढे त्यांचे गुडघे कामातून गेले आणि वारस शोधायची वेळ आली. पण एक पोरगं पसंत पडेल तर शपथ! एकाचा "पंजाच उघडंना", दुसरा "चेंडू सोडून बॅटकडं बघून राहिला". लेकीसाठी स्थळं बघणारा बापही एवढ्या खोडी काढत नाही.

शेवटी इम्रान सापडला. हिमायतनगरहून डॉक्टर व्हायला आलेला. त्याच्या हातून चेंडू सुटत नसे, पण संध्याकाळी त्याचा क्लास आणि आमचा सरावही तेव्हाच. अण्णा मला घेऊन थेट क्लासच्या सरांकडे गेले. सरांनी खुर्ची दिली. अण्णा तिच्याशेजारी उकिडवे बसले. टेबलाआड ते दिसेनात, म्हणून बिचारे सर उभे राहून, वाकून बोलू लागले.

"पोरगं डाक्टर हू द्या, आमचं काय बी म्हणणं न्हाई," अण्णा म्हणाले. "पण सर, डाक्टर लातुरात लई हायत. क्याचर कुठं हाय?"

सर हसले. इम्रानला सकाळची बॅच मिळाली.

आता फक्त अण्णांचा चेंडू झेलायचा कातडी ग्लोव्ह त्याच्या हाती द्यायचा राहिला होता. तोच अण्णा देईनात. आज "शिवून राहिलो", उद्या "तेल लावून राहिलो". सामना तोंडावर आला तेव्हा मी चिडलोच.

"अण्णा, पोरगं तुम्हीच निवडलं ना? मग घोडं कुठं अडलं?"

अण्णांनी ग्लोव्ह मांडीवर ओढला. मग म्हणाले, "तितं बसलं की तुमी आठी जण समोर दिसता रे. दुसरीकडं कुठं बी बसलो तर कुणीतरी पाठीमागं राहतंय."

भूकंपात किल्लारीला अण्णांची आई, भाऊ, भावजय, सगळे गेले. सामन्यासाठी आदल्या दिवशी लातूरला आलेले अण्णा तेवढे वाचले. हे आम्हाला ठाऊक होतं, पण त्यावर ते कधी बोलले नव्हते. इम्रानला मात्र मी सगळं सांगितलं.

सामन्याच्या दिवशी अण्णांनी स्वतःच्या हाताने इम्रानला ग्लोव्ह घातला आणि खाली मान घालून प्रेक्षकांच्या मंडपाकडे निघाले.

"अण्णा, तिकडं कायको?" इम्रानने हाक मारली. "इथं बसा, माझ्या पाठीमागच्या जाळीमागं. मी एकदम खाली बसतो, तुम्हाला सगळे दिसतील."

अण्णा कण्हत जाळीमागे उकिडवे बसले. डावा पंजा उघडला. मी चेंडू हातात घेऊन त्यांच्याकडेच बघत उभा राहिलो. त्यांनी डावीकडून उजवीकडे मैदानभर नजर फिरवली, शेवटी समोरच्या इम्रानच्या पाठीवर आणली, आणि तिथूनच मला ओरडून म्हणाले,

"टाक रे! आता नऊच्या नऊ दिसून राहिले."