गव्हाचं फुल तिकीट

लग्नाच्या पंगतीत वाढपी पोळी घेऊन आला की लोक "अर्धीच" म्हणतात, "पुरे" म्हणतात, फार झालं तर "गरम आहे का?" विचारतात. आमचे मोतीरामजी वाढप्याचं मनगट धरतात आणि विचारतात, "रिपोर्ट हाय का?"

वाढपी घाबरतो. त्याला वाटतं, नवरदेवाला काही आजारबिजार निघाला. मग मोतीरामजी खुलासा करतात, "गव्हाचा गा, गव्हाचा! वावरात कोनतं औषध फवारलं, किती फवारलं, तपासलं का नाही?" एव्हाना पुढची सगळी पानं खोळंबलेली असतात. वाढपी मनगट सोडवून पळतो. मोतीरामजी मांडीवरच्या पिशवीतून स्टीलचा डबा काढतात आणि घरून आणलेली पोळी यजमानांच्या वरणात बुडवून शांतपणे खातात. वरणाचं काही विचारत नाहीत. "डाळीचं मंग पाहू. एका वेळी एकच."

हा गृहस्थ माझा शेजारी आहे. महाल भागात आमची घरं एकाला एक लागून. आणि माझं दुर्दैव असं की मी सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला आहे. धान्यात, भाजीत, मसाल्यात फवारणीच्या औषधाचा अंश उरला आहे का, हे तपासतात ती प्रयोगशाळा. नमुने घ्यायच्या खिडकीवर मी बसते. आमच्या घराण्यात कॉलेजच्या फाटकातून आत गेलेली मी पहिली. वडील उमरेडला हातमागावर बसायचे. केमिस्ट्री घेऊन मी बी.एस्सी. झाले तेव्हा आईने गल्लीत पेढे वाटले, आणि त्यातला पहिला पेढा मोतीरामजींनीच खाल्ला. रिपोर्ट न मागता.

म्हणजे हे खूळ नवीन आहे. त्याआधीची खुळं जुनी आहेत.

मोतीरामजी जन्मभर लाल बसचे कंडक्टर होते. निवृत्त झाले, पण बस काही त्यांच्या अंगातून उतरली नाही. कोणी दारात उभं राहून बोलू लागलं की म्हणतात, "दारात गर्दी नको, आत सरका." माझ्या स्कूटरवर मागे बसले की खांद्यावर दोन टिचक्या मारतात, म्हणजे निघ. एक मारली की थांब. एकदा एकच टिचकी बसली म्हणून मी भर चौकात ब्रेक दाबला. मागचा रिक्षावाला माझ्या खानदानाचा उद्धार करत असताना हे म्हणतात, "माशी होती वं. चाल."

घरात ते एकटे. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. एकुलती एक मुलगी वैशाली लग्न होऊन पुण्याला. तिथेच कुठल्याशा कंपनीत आहे.

तर यंदाच्या उन्हाळ्यात, नवे गहू घरी आल्यावर, ते सकाळी सकाळी आमच्याकडे आले. दारात न थांबता आत सरकले.

"पोरी, वैशूले दिवस हायेत."

"अरे वा, काकाजी! मग माहेरी येणार ना?"

"येनार त पायजे. पहिलं बाळंतपन हाय. पन थे म्हनते, बाबा, तिकडच्या गव्हात फवाऱ्याचं औषध राह्यते, इथं मी सारं तपासलेलं खाऊन राहिली. तिथं आली आन् बाळाले काही झालं त?" मग जरा पुढे वाकून, "मले सांग, एका गव्हाच्या तपासनीचं काय घेते तुमचं सरकार?"

मी दरपत्रक समजावून सांगितलं. औषधांचे गट असतात. जितके गट तपासायचे तितक्यांची फी. वर जीएसटी. आकडा ऐकून ते खुर्चीत मागे टेकले.

"म्हन्जे गहू एक आन् तिकिटं चार?"

"काकाजी, प्रत्येक गटाची तपासणी वेगळी असते. रसायनं महाग, मशीन महाग..."

"माझ्या गाडीत मानूस चढला त त्याच्या खिशात बिडी किती, माचिस किती, याचं येगयेगळं तिकीट फाडत होतो काय मी?"

"हे तिकीट नाही हो, शुल्क आहे."

"पैसे घेऊन चिठ्ठी देते ना? मंग तिकीटच. बरं, सीनिअर सिटिझनले अर्धं हाय का?"

"गव्हाला वय नसतं, काकाजी."

"मले हाय ना!"

मी कपाळाला हात लावला. आई आतून हसत होती. मोतीरामजी तिला ऐकू जाईल असं म्हणाले, "मंग ज्वारी आनली त महिला सवलत तरी बसन काय?"

दुसऱ्या दिवशी माझ्या स्कूटरवर बसून ते ऑफिसात आले. पैसे भरायच्या खिडकीवर त्यांनी आमच्या रोखपालाला तेच सगळे प्रश्न पहिल्यापासून विचारले. रोखपाल सज्जन माणूस, पण त्या दिवशी त्याने जेवणाची सुट्टी लवकर घेतली. शेवटी मोतीरामजी माझ्याकडे येऊन हळूच म्हणाले, "यातला एखादा गट सोडला त चालते?"

"चालते. फक्त रिपोर्टवर त्या गटाचं काही येणार नाही."

लाल बसची पेन्शन किती असते ते मला माहीत आहे. महिन्याचं दूध आणि विजेचं बिल भागलं की तिचा दम संपतो. ते थोडा वेळ दरपत्रकाकडे पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "नाही. फुल तिकीट फाडा."

त्यांनी फी भरली आणि पिशवी माझ्या खिडकीत ठेवली. मी तिचं तोंड उघडून हात घातला आणि थबकले. गहू कसे चकाकत होते! एक खडा नाही, एक काडी नाही. बोटांना बुळबुळीत लागलं. नाकाशी नेलं.

"काकाजी, याला एरंडीचं तेल लावलं?"

"लावलं ना. आधी धुतले, गच्चीवर दोन उन्हं देल्ली, मंग तेल चोळलं."

"धुतले? तपासायला आणायचे गहू तुम्ही धुतले?"

"मंग काय मातीसकट आनू सरकारच्या घरी?" त्यांना माझ्या अडाणीपणाचं आश्चर्य वाटत होतं. "आपल्या घरचं धान्य दुसऱ्याच्या घरी जाते त निवडून-पाखडूनच जाते. तुया काकूनं कधी कोनाले खडा असलेली पसाभर डाळ देल्ली काय?"

मी समजावलं की औषधाचा अंश वरच्या सालीवरही असतो, धुतल्यावर त्यातला काही निघून जातो, त्यामुळे रिपोर्ट त्या गव्हाचा राहत नाही. तेलाने तर आमच्या मशीनचाही घोटाळा होतो. शिवाय नमुना पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून, सगळीकडून थोडा थोडा घ्यायचा असतो. खिडकीबाहेर तिखट, हळद घेऊन आलेले लोक ताटकळले होते. त्यांतला एक म्हणाला, "मॅडम, आमचंही पाहा ना जरा." मोतीरामजी मागे वळून म्हणाले, "लाइन मोडू नका, समद्यायले जागा भेटन!"

नमुना परत गेला. फीची पावती त्याच नावावर पुढच्या नमुन्याला चालवून घ्यावी म्हणून मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन विनंती केली. विनंती करणं मला जमत नाही. माझ्या कॉलेजच्या दाखल्यावर एक शिक्का कमी पडला होता तेव्हासुद्धा मी भांडूनच तो घेतला होता. पण या माणसासाठी केली.

चार दिवसांनी दुसरी पिशवी. या वेळी धुतलेले नव्हते, हे मी आधी हात घालून पाहिलं. धूळ होती, काडी होती, अगदी आदर्श नमुना. पिशवी टेबलावर ओतली आणि वरचा थर खाली घसरला तशी मधून हळद दिसली. हळदीवर कुंकू. कुंकवावर एक अक्षत.

मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"बामनाले नाही बोलावलं," ते घाईघाईने म्हणाले. "मीच केली पूजा. साधीच. वैशूच्या कामाले चालले ना गहू. तसेच कसे धाडायचे?"

"काकाजी! कुंकवात रंग असतो, त्या रंगात रसायनं असतात! हळदीत शेतातलं औषध असू शकतं! आता मशीनने दाखवलं काही, तर ते गव्हाचं समजायचं, हळदीचं समजायचं की देवाचं?"

"देवाचं कसं राहीन?"

शेजारच्या टेबलावरची माझी मैत्रीण तोंडात पदर कोंबून बाहेर गेली. मी गहू परत भरून पिशवी बांधून त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं की आता नमुना मी घेणार, तुमच्या घरी येऊन, आणि तुम्ही त्या वेळी देवघरात जायचं नाही, नळाजवळ जायचं नाही, तेलाच्या बाटलीला हात लावायचा नाही. त्यांनी पिशवी छातीशी धरली. मग म्हणाले, "चहा त ठेवू?"

रविवारी मी पोत्यात वरून, मधून, तळातून हात घालून नमुना काढला, पिशवीचं तोंड बांधलं, सील केलं. ते कोपऱ्यात हाताची घडी घालून उभे होते, पोलिसाने पंचनामा करावा आणि घरमालकाने बघावं तसे.

रिपोर्ट यायला वेळ लागतो. तो मोतीरामजींनी फुकट जाऊ दिला नाही. मी सकाळी गाडी काढते तो हे ओट्यावर हजर. "निघाली का गाडी?" म्हणजे रिपोर्ट निघाला का. संध्याकाळी, "कुठवर आली?" कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्याला त्यांनी सांगून ठेवलं, माझ्या आधी दुसऱ्याचं काही दळलं असेल तर जातं पुसून घे. गिरणीवाल्याने मला बोलावून विचारलं, "ताई, हे तुमचे पेशंट आहेत का?" पंगतीतलं ते रिपोर्ट मागणं याच दिवसांतलं. मी लग्नाला जाणंच सोडलं.

आणि मग रिपोर्ट आला.

संध्याकाळी मी तो घेऊन त्यांच्या घरी गेले. आईही सोबत आली. एवढा गोंधळ ज्याच्यासाठी झाला तो कागद तिला पाहायचा होता. मोतीरामजींनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. रिपोर्ट इंग्रजीत.

"सगळ्या गटांत मोजता येईल इतकं काही सापडलं नाही," मी म्हटलं.

"म्हन्जे हाय का नाही?"

"असलंच तर मशीनला मोजता येणार नाही इतकं कमी."

"म्हन्जे विनातिकीट कोनी लपून बसला असन?"

"काकाजी, गहू चांगले आहेत! खा!"

"मी त खाऊनच राहिलो. तिले सांग. तू लॅबमधली हायेस, शिकेल हायेस, तुयं ऐकन थे." त्यांनी नंबर लावून फोन स्पीकरवर माझ्या हातात दिला. ते फोन नेहमी स्पीकरवरच ठेवतात. कानाला लावला की त्यांना गरम होतं.

मी वैशालीला सगळं वाचून दाखवलं, अगदी औषधांच्या नावांसकट.

"ताई," ती म्हणाली, "बाबा आहेत का तिथे?"

मोतीरामजींनी माझ्याकडे पाहून जोरजोरात मान हलवली. नाही म्हण. मी काहीच म्हटलं नाही. पण न बोलणं हेसुद्धा उत्तर समजून ती बोलत सुटली.

"गव्हाचं मी उगाच म्हणाले हो. काहीतरी कारण द्यायचं म्हणून. बाबांना साधा वरण-भात धड लावता येत नाही. आई असती तर मी कधीच आले असते. बाळंतिणीचं काय काय असतं, रात्री उठणं, मालिश, शेक, ते एकटे कुठे पुरे पडणार? आणि हे त्यांना तोंडावर कसं सांगू? आई नाही म्हणून येत नाही, असं सांगू? मला वाटलं, दोन दिवस रागावतील आणि विसरतील."

आईने पदर डोळ्याला लावला. मी फोन बंद करणार तेवढ्यात मोतीरामजींनी तो माझ्या हातातून घेतला.

"वैशू."

"बाबा? तुम्ही—"

"मले पहिल्या दिवशीच समजलं होतं वं, तू काहून म्हनून राहिली थे." अगदी साधा आवाज, रस्ता विचारणाऱ्याला रस्ता सांगावा तसा. "आता तुयी माय त माझ्याच्यानं आनल्या जात नाही. गहू आनल्या जात होते. मंग गव्हाचंच केलं."

आधी आईच सावरली. तिने फोनच्या दिशेने, पुण्यापर्यंत पोचावं इतक्या जोरात सांगितलं, "मी काय मेली काय वं? मालिश, शेक, धुरी, समदं मी करीन. तुया बापाले फक्त पोळ्या लाटू देजो. पोळ्या बऱ्या करते तो!"

पलीकडे वैशाली रडत होती की हसत होती ते कळलं नाही. मग नाक ओढून म्हणाली, "बाबा, आतल्या खोलीतला पलंग खिडकीपासून जरा सरकवून ठेवा. तिथे झळा येतात."

"हो," मोतीरामजी म्हणाले. फोन त्यांनी तसाच चालू स्टुलावर ठेवला आणि आतल्या खोलीत जाऊन पलंग ओढायला लागले. फरशीवर असा कर्कश आवाज झाला की पलीकडून वैशाली ओरडली, "बाबा, आत्ता नाही हो! मला यायला अजून महिना आहे!"

ते ऐकेनात. एकट्याच्याने काही तो हलत नव्हता, सागाचा होता. काही म्हणून सरळ करायचं नाही या माणसाला! मी चप्पल काढली आणि पायथ्याकडून उचलला.