फूल खाणारी फटफटी

"सुमा, ह्यांच्या फटफटीचा एक सूर गेला ना, की आमच्याकडे डोकावून जा. हे बोलायचे नाहीत. गाडी बोलेल."

समोरच्या जयम्मज्जींनी दसऱ्याच्या आधी मला हे सांगितलं होतं. मी "हो अज्जी" म्हणाले आणि माझ्या लेकीच्या, इंचराच्या, तोंडातला खडू काढायला धावले. दुसरी एखादी बाई अशा वाक्यावर विचार करत बसली असती. पण मी गुप्तहेर आहे. आम्हांला आयते पुरावे चालत नाहीत.

म्हैसूरच्या सरस्वतीपुरमात माझ्याइतकी तीक्ष्ण नजर कोणाची नाही. भौतिकशास्त्राची पदवी, अडीच वर्षांची मुलगी, आणि झोप न झाल्याने अर्धवट मिटलेले, त्यामुळे भेदक वाटणारे डोळे, एवढी माझी शस्त्रं. घरातल्या प्रत्येक कोपऱ्याला मी स्पंज बांधलाय, विजेच्या प्रत्येक भोकावर चिकटपट्टी लावलीय. माझा नवरा लोकेश मोबाइल चार्ज करायला जयम्मज्जींकडे जातो. द्राक्षाचे मी चार तुकडे करते, मग त्यांतला एक खाऊन बघते, आणि मगच उरलेले पोरीला देते.

जयम्मज्जींचे यजमान म्हणजे नंजुंडप्पा तात, सगळ्या गल्लीचे आजोबा. ते ज्या कारखान्यात फटफट्या जोडायचे तो कधीच बंद पडला. त्यांची दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक मात्र रोज सकाळी सगळ्या गल्लीला उठवते. संध्याकाळी इंचरा तिच्या टाकीवर बसून तातांबरोबर बागेपर्यंत फेरी मारते. मी, पोटात दुसरं घेऊन, मागून धावते. सुरक्षिततेसाठी.

आयुधपूजेला तात गाडीला न्हाऊ घालतात. हँडलला केळीची रोपं, चाकांखाली लिंबं, टाकीवरून इंजिनापर्यंत लोंबणारी सेवंतीची जाड माळ. गंध-कुंकू प्रत्येक अवयवाला. स्पार्क प्लगच्या टोप्यासुद्धा उपटायच्या, प्लगच्या डोक्याला टिळा लावायचा, टोप्या परत बसवायच्या. "ठिणगी पडते ती जागा कोरडी ठेवायची?" असं त्यांचं म्हणणं. आणि माळ वाळून गळेपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही. यंदा इंचराला टिळा लावताना त्यांनी तो गालावर लावला. मी लगेच ओळखलं. दृष्ट लागू नये म्हणून!

पूजेनंतर दोन-तीन दिवस गाडीला विश्रांती. मग पहिल्याच सकाळी ती नेहमीसारखी 'टर्रर्र' न करता दमेकऱ्यासारखी 'टप्... टप्...' करू लागली. मी पोरगी कडेवर घेऊन धावले. संध्याकाळची फेरी धोक्यात होती. फेरी चुकली की इंचरा झोपत नाही, आणि इंचरा झोपली नाही की माझे डोळे आणखी भेदक होतात.

तातांनी गाडी बंद केली. मी बोट थुंकीने ओलं करून उजव्या सायलेन्सरला लावलं. चर्र झालं. डाव्याला लावलं. थंडगार.

"तात, डावा सिलिंडर मृत आहे."

"ते मला ऐकू आलं. तुझं बोट भाजलं का, पोरी?"

"तपासाचा भाग आहे. त्याला पेट्रोल पोचत नाहीये."

"कार्बोरेटर एकच आहे गं. दोन भावांची चूल एक, ताट एक. मग एकटा डावा कसा उपाशी राहील?"

"गाडी फूल खाते," इंचरा म्हणाली.

मी विजेच्या वेगाने तिच्या तोंडात बोट घातलं. फूल नव्हतं. कालचा भात होता.

"मग पेट्रोलमध्ये ऑइल जास्त पडलंय. प्लग चिकट झाला असणार. काढून बघू या?"

"वर माळ आहे ना? वाळू दे आधी."

मग उरला एकच पर्याय. घातपात! धुराने खोकणारा, गाडीवर जळणारा, पहाटेच्या झोपेला मुकलेला माणूस कोण? मी वर आमच्या गॅलरीकडे बोट दाखवलं. लोकेश दात घासत उभा होता.

"मी?" तो फेस सांभाळत ओरडला. "अगं, घरातलं एक भोक मला उघडता येत नाही, मी सिलिंडर कुठला मारतो?"

"गाडी फूल खाते!"

पुन्हा बोट. पुन्हा भात.

मी तातांना प्लगमध्ये ठिणगी कशी पडते ते समजावू लागले. ज्यांनी उभा जन्म तेच केलं, त्यांना! तेवढ्यात अज्जी कॉफी घेऊन आल्या. पेले पायरीवर ठेवून त्या इंचराशेजारी उकिडव्या बसल्या, माळ खुशाल वर उचलली आणि म्हणाल्या, "खरंच की गं बाई. खातेय."

डाव्या प्लगची टोपी, वायरीसकट, इंजिनाच्या पात्यांत अडकलेल्या एका पिवळ्या सेवंतीवर घट्ट दाबून बसवलेली होती. प्लग शेजारी उघडाबोडका. त्याचा टिळा भलत्याच पात्यावर.

मी पोट धरून हसले. मग लक्षात आलं की एकटी मीच हसतेय.

"तात, तुम्हांला हे दिसलं नाही?"

"दिसलं की. पिवळं काहीतरी." ते चष्मा पुसत राहिले. "उगादीच्या पाडव्यापासून जरा धूर दिसतोय. मला वाटलं, गाडीचाच."

तेव्हा माझी तीक्ष्ण बुद्धी, गल्लीतल्या सगळ्यांच्या मागून, धापा टाकत तिथे पोचली. गालावरचं कुंकू. गेल्या आठवड्यात दोरीवर वाळणाऱ्या लोकेशच्या शर्टाला त्यांनी केलेला नमस्कार. मी त्याला थट्टा समजून टाळ्या वाजवल्या होत्या. उगादीपासून मी द्राक्षाचे चार तुकडे करत होते, आणि उगादीपासून रोज संध्याकाळी माझ्याच हाताने पोरीला त्या धुरापुढे टाकीवर बसवत होते.  मी पायरीवर बसले, थेट कॉफीच्या पेल्यावर.

"अज्जी, सरळ सांगायचं ना मला!"

"डोळ्यांबद्दल कोणाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती ह्यांनी. गाडीची चुगली करायची नाही असं कुठे ठरलं होतं?"

"डोळ्यांचं कळलं की गाडी काढून घेतात," तात हळूच म्हणाले.

"कोणी घेत नाही," मी म्हणाले. "टोपी बसवा." त्यांचा हात धरून मीच तो प्लगपर्यंत नेला. टोपी टक्कन बसली. एका किकमध्ये दोन्ही सूर लागले, आणि इंचराने सगळ्यांना बजावलं, "आता नाही खात."

दिवाळीनंतर मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. तोवर तात गाडी स्टँडवर उभी करूनच सुरू करणार, असं त्यांनी चामुंडीदेवीची शपथ घेऊन सांगितलंय. शपथांच्या बाबतीत त्या घराचा लौकिक तुम्ही वाचलाच.

मी मात्र दुसऱ्या बाळंतपणासाठी शिमोग्याला आईकडे चाललेय. म्हणून तुम्हांला विनंती. सकाळी सरस्वतीपुरमातून गेलात तर आमच्या गल्लीशी जरा थांबा. टर्रर्र ऐकू आलं आणि आवाज एका जागी असला, तर खुशाल पुढे जा. टप् टप् ऐकू आलं, तर बेल वाजवा. डोळ्यांचं विचारू नका, गाडीचं विचारा.

आणि आवाज लांब लांब जाताना ऐकू आला, तर धावा.