अक्का झोपलीय!

"दोन तास! फक्त दोन तास!" दादांनी टेबलावर असा हात आपटला की चहाच्या कपांनी जागच्या जागी उडी मारली. "निघालो की पोहोचलो! फोटो काढला की परत! रात्रीचं जेवण घरी, आपापल्या ताटात!"

दादा म्हणजे दातांचे डॉक्टर. दवाखाना बंद करून बरीच वर्षं झाली होती, पण समोरच्याने तोंड उघडलं की 'आता बोलू नका' म्हणायची सवय काही गेली नव्हती. त्यामुळे समोर बसलेला धाकटा भाऊ तोंड उघडून तसाच राहिला. या भावाचं नाव छोटू. साठी उलटलेली, देह दाराच्या चौकटीला घासून जाणारा, पण घरात शेंडेफळ म्हणून आलेला माणूस मरेपर्यंत छोटूच राहतो, त्याला इलाज नाही.

तिसरी अक्का. सगळ्यांत थोरली. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेली. आवाज असा की तिने 'हळू बोला' म्हटलं तरी शेजारची खिडकी बंद व्हायची.

"आपण जुन्या रस्त्याने जाऊ," अक्का म्हणाली.

"जुन्या रस्त्याने? अगं, त्या रस्त्याने आता वारासुद्धा जात नाही! एक्सप्रेसवे आहे. सरळसोट. डोळे मिटून जावं!"

"डोळे मिटूनच जायचं, तर जायचं कशाला?"

पण दादांनी ठरवलं म्हणजे ठरलं.

जायचं होतं ते त्यांच्या जन्मगावी. तिथल्या जुन्या गल्लीत फोटोकाकांचा स्टुडिओ होता. फोटोकाका हे बाबांचे मित्र. दरवर्षी बाबा तिघांना न्हाऊमाखू घालून, केस चापून बसवून त्यांच्यासमोर उभे करायचे. छपरात मोठी काच, तिच्यातून येणारा मऊ उजेड, तीन पायांवर उभा असलेला पेटीएवढा कॅमेरा, आणि काळ्या कपड्यात डोकं खुपसून "हलाल तर भूत दिसाल!" असं ओरडणारे फोटोकाका! आई-बाबा गेले, तिघं पांगले, आणि फोटो राहिला तो राहिलाच. आता नव्वदीला टेकलेल्या काकांनी निरोप धाडला होता, 'दुकान कायमचं बंद करतोय. मोठ्या कॅमेऱ्यात एका फोटोपुरती शेवटची प्लेट शिल्लक आहे. ती तुमच्यासाठी ठेवलीय. छपरातलं ऊन उतरायच्या आत या. दिव्यावर मी फोटो काढत नाही, माहीत आहे ना?'

तर अशी ही मोहीम. सकाळी निघाले. पुढे दादा आणि छोटू, मागे अक्का, तिची उशी, तिची भलीमोठी पिशवी आणि एक जाड शाल.

शहर मागे पडलं आणि एक्सप्रेसवे लागला. गाडी अशी गुळगुळीत धावत होती की आपण चाललोय की रस्ताच मागे जातोय, कळत नव्हतं.

"बघा!" दादा म्हणाले. "आहे एक तरी खड्डा?"

"नाही," अक्का म्हणाली. "झाड नाही, टपरी नाही, माणूस नाही. बाबांची गाडी त्या डोंगराच्या वळणावर उकळायची, आठवतं? बाबा म्हणायचे, हिला ताप आलाय, आता सगळ्यांनी शांत बसा."

"आणि आपण दिवसभर रस्त्यावर पडून राहायचो! त्यात काय कौतुक? फुकट गेलेला वेळ!"

झालं! अक्काचा पारा चढला. "फुकट? बरं! आता मी एक शब्द बोलणार नाही!" असं म्हणून तिने उशीवर डोकं टेकलं आणि शाल डोक्यावरून ओढून घेतली.

वाटेत एके ठिकाणी थांबावं लागलं, कारण छोटूला भूक लागली होती. छोटूला भूक लागणं हा काही प्रसंग नव्हे, ती त्याची कायमची अवस्था होती. तो बनपावाच्या रांगेत उभा राहिला. दादा चाकांची हवा तपासायला पंपाशी गेले. परत आले, आरशात मागे नजर टाकली. शालीचा ढीग तसाच. छोटू दोन्ही हातांत बन घेऊन आला.

"अक्काला देऊ का एक?"

"श्श! झोपलीय. रागावून झोपलेल्या माणसाला उठवू नये."

आणि गाडी निघाली.

रिकामा रस्ता माणसाला विचार करायला लावतो, हा त्याचा मोठाच दोष. दादांना ते डोंगराचं वळण आठवू लागलं. बॉनेटखालून निघणारी वाफ. रस्त्याकडेच्या दगडावर बसून उकडलेली अंडी सोलणारी आई. झऱ्यातून डब्यात पाणी आणायला पळणारा, हाफ पँटमधला आपण. आणि सगळ्यांत उंच दगडावर उभं राहून, समोरच्या दरीला गाणं ऐकवणारी दोन वेण्यांची अक्का. दरी तिच्या मागून तेच गाणं म्हणायची आणि छोटूला वाटायचं, पलीकडे आणखी एक अक्का आहे!

दादांनी घसा साफ केला.

"अक्का," ते मागे न बघता म्हणाले, "फुकट म्हणालो ते काही खरं नाही गं."

मागून उत्तर नाही.

"तुझं गाणं ऐकायला मिळावं म्हणून मी मुद्दाम हळूहळू पाणी आणायचो. डबा वाटेत अर्धा सांडायचो, म्हणजे पुन्हा जावं लागायचं. बाबांना वाटायचं, मुलगा वेंधळा आहे."

छोटूने बन चावणं थांबवलं. दादांना असं बोलताना त्याने जन्मात ऐकलं नव्हतं.

"परत येताना जुन्या रस्त्याने येऊ. बस्स? आता तरी बोल!"

शालीने हूं की चूं केलं नाही.

"फारच मनावर घेतलंय," दादा पुटपुटले.

इतक्यात मागे अक्काचा फोन वाजायला लागला. छोटूने हात लांबवून, शालीबाहेर आलेल्या पिशवीच्या कप्प्यातून तो काढला. अनोळखी नंबर.

"बंद कर, बंद कर! तिची झोपमोड होईल. ते कर्जवाले असतात."

छोटूने बंद केला. पुन्हा वाजला. पुन्हा बंद केला. पुन्हा वाजला! तेव्हा छोटूने तो कानाला लावला आणि दबक्या आवाजात दरडावलं, "हे बघा, आम्हाला कर्ज नको, विमा नको, प्लॉट नको!"

"अरे गाढवा, मी बोलतेय!"

"हळू बोला बाई! अक्का झोपलीय!"

"मीच अक्का आहे!"

छोटूने फोनवर हात ठेवला. "दादा, ही बाई म्हणतेय की ती अक्का आहे."

"बघ! हल्ली हे असंच फसवतात. नातेवाईक म्हणून सांगतात. तिला घरातलं काहीतरी विचार, म्हणजे पडेल उघडी!"

"असं का?" छोटूला जोर आला. "अक्का आहेस ना? मग सांग, बाबांची गाडी उकळली की मी काय करायचो?"

पलीकडून आलेलं उत्तर दादांनाही स्पष्ट ऐकू आलं. "भोकाड पसरायचास! आणि एकदा घाबरून आईच्या मांडीवरच चड्डी ओली केली होतीस!"

छोटूचा चेहरा पडला. "दादा... अक्काच आहे."

त्याने वळून शाल उचलली. खाली उशी होती आणि तिला टेकून पिशवी, दोघी अगदी गाढ झोपल्यासारख्या.

"मेल्यांनो, हात धुवून येते तर गाडी गायब!" अक्का फोनमधून गर्जत होती. "मला माझा स्वतःचा सोडून एक नंबर पाठ नाही! जुन्या घराचा तेवढा पाठ आहे, तो लावून काय उपयोग? इथल्या काउंटरवरच्या बाईंनी फोन दिला म्हणून बरं! आता ऐका, परत येऊ नका. मला इथे एक भला माणूस भेटलाय, तो मला त्याच्या..."

आणि फोन मेला. अक्काने तो चार्ज केलाच नव्हता. तिचं म्हणणं, फोन काय, आपल्याला हवा तेव्हा लागतो.

"परत फिर!" छोटू ओरडला.

"कुठून फिरू? आहे का वळायला जागा?"

सरळसोट रस्त्याची खरी गंमत दादांना आता कळली. त्यावरून पुढे कितीही जाता येतं, मागे मात्र इंचभर नाही! शेवटी एकदाचा फाटा आला. तो त्यांना एका पुलावर घेऊन गेला, पुलाने गोल फिरवलं, गोलाने दुसऱ्या पुलावर सोडलं, आणि दोनदा त्याच जाहिरातीतल्या हसऱ्या बाईचं दर्शन घेतल्यावर गाडी कशीबशी उलट दिशेला लागली.

थांब्यावर पोहोचले, तर काउंटरवर दुसरीच बाई. तिला काही ठाऊक नव्हतं. बाहेर एक माणूस फरशी पुसत होता. दादा त्याच्याकडे धावले.

"इथे एक बाई होत्या! पांढरे केस, निळा स्वेटर, मोठा आवाज!"

"त्या होय?" माणसाने फडकं पिळलं. "त्यांना घेऊन गेली ना शववाहिका. झाला की बराच वेळ."

दादांच्या पायांखालची फरशी सरकली.

"श... शववाहिका?"

"हो. पुढच्या गावाकडे."

तो पुढे आणखी काही सांगणार होता, पण दादा थांबले नाहीत. गाडीत बसले तेव्हा दादांना किल्लीचं भोक सापडेना. आयुष्यभर लोकांच्या जबड्यात नेमक्या जागी सुई घालणारा माणूस तो!

"दादा, पण ती आत्ता तर बोलत होती," छोटू रडवेला होऊन म्हणाला.

"माणसाचं काय असतं छोट्या? केवढ्याने ओरडत होती! त्या रागानेच..." दादांनी करकचून गिअर टाकला. "आणि मी... जे काय बोललो, ते सगळं उशीला बोललो रे!"

इस्पितळात जायचं की आणखी कुठे, सुचेना. फोटोकाकांचा फोन कधीच बंद झाला होता. शेवटी, आधी काकांना कळवू, ते इथले आहेत, ते सांगतील, असं म्हणून दादांनी जन्मगाव गाठलं आणि गाडी जुन्या गल्लीत घातली. दप्तरं विकणारं दुकान, न्हाव्याचा आरसा, बेकरीचा खरपूस वास, सगळं जागच्या जागी होतं. एरवी दादांनी एकेका पायरीपाशी थांबून आठवणी काढल्या असत्या. आज त्यांना काही दिसत नव्हतं. दिसली ती फक्त एक गोष्ट. स्टुडिओच्या दारात उभी असलेली लांबलचक शववाहिका!

आणि भोवती गल्लीतली माणसं, गप्प, हाताची घडी घालून.

न्हावी पुढे आला. जड आवाजात म्हणाला, "या. आज संपलं बघा सगळं."

बस्स! दादा तिथेच पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे ओक्साबोक्शी रडू लागले. "अक्का! जुन्या रस्त्यानेच यायला हवं होतं गं! तुझं बरोबर होतं! सगळं तुझंच बरोबर होतं!"

"हे जरा मोठ्याने बोल. आत ऐकू आलं नाही."

दादांनी मान वर केली. दारात अक्का उभी होती. हातात कंगवा.

छोटूने एक झेप घेतली आणि तिला अशी मिठी मारली की निळ्या स्वेटरचं एक बटण उडालं.

उलगडा साधाच होता. शववाहिका रिकामी परतत होती. चालक सज्जन. त्याने अक्काला पुढच्या सीटवर बसवून, वाटभर तिचं गाणं ऐकत, थेट दारात आणून सोडलं. "सगळे बाजूला होऊन वाट देतात रे! तुझ्या एक्सप्रेसवेपेक्षा झकास!" अक्का म्हणाली. गोंधळ झाला तो गल्लीत. दुकान बंद व्हायच्या दिवशी दारात शववाहिका बघून सगळे फोटोकाकांच्या अंत्ययात्रेला जमले होते. खुद्द फोटोकाका काठी टेकत बाहेर येऊन ओरडले म्हणे, "अरे, दुकान बंद होतंय, मी नाही! निदान संध्याकाळपर्यंत तरी थांबा!" त्यांचा आवाज ऐकूनही माणसं पांगली नाहीत. आलोच आहोत तर दुकानालाच निरोप देऊ, असं म्हणून थांबली.

"रडारड पुरे!" आतून काकांचा आवाज आला. "ऊन चाललं माझं!"

छपरातला उजेड खरंच उतरत होता. चालक धावत गेला आणि गाडीतली एक कोरी पांढरी चादर घेऊन आला. तो आणि न्हावी दोन टोकं धरून उभे राहिले, तेव्हा उरलेलं ऊन तिच्यावरून तिघांच्या चेहऱ्यांवर आलं. तोच बाक. मध्ये अक्का, डावीकडे दादा, उजवीकडे छोटू. पूर्वी छोटूचे पाय लोंबायचे, आता बाक करकरत होता. काका काळ्या कपड्यात शिरले आणि कपड्यातून तोच जुना आवाज आला, "हलाल तर भूत दिसाल!"

अक्काने समोर बघतच दादांचा हात हातात घेतला.

"डबा तू मुद्दाम सांडायचास, हे छोटूने आत्ता सांगितलं मला," ती ओठ न हलवता म्हणाली. "मला तेव्हाच माहीत होतं."

दादांच्या डोळ्यांना पुन्हा धार लागली. त्याच क्षणी कळ दाबली गेली. शेवटची प्लेट! दुसरी संधी नाही.

घरी परतले ते दुसऱ्या दिवशी, डोंगराच्या वळणावर मनसोक्त वेळ घालवून.

फोटो आता दादांच्या दिवाणखान्यात लावलाय. अक्का एखाद्या महाराणीसारखी ताठ, दादांचं नाक मुळ्यासारखं सुजलेलं, गालांवर ओघळ, आणि छोटूचे डोळे नेमके मिटलेले. येणारा प्रत्येक पाहुणा त्यापुढे थबकतो, आवाज खाली आणतो आणि विचारतो, "कोण गेलं हो?"

"कुणी नाही!" दादा ठासून सांगतात. "तिघंही धडधाकट आहोत!"

पाहुणा समजुतीने मान हलवतो. मग उजवीकडच्या मिटल्या डोळ्यांकडे बघत हळहळतो, "मोठं शांत मरण आलं हो यांना."

आणि मागच्या खुर्चीत बसून बिस्किटं खाणारा छोटू, तोंड भरलेलं असल्यामुळे, काहीच बोलू शकत नाही.