सोळा मिलिमीटर डावीकडे

"झिरोइंग माझ्यावर सोडा!" हे वाक्य मी चाकूरच्या बसस्टँडवर इतक्या जोरात म्हणालो, की शेजारच्या दोन अनोळखी माणसांनीही निश्चिंत होऊन माना हलवल्या.

माझी धाकटी बहीण राजकन्या दहा मीटर एअर रायफल मारते. नांदेडला विभागीय निवड चाचणी होती. पहिल्या चौघी राज्य स्पर्धेला जाणार आणि ज्युनिअर गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. मी एम.एस्सी. फिजिक्स. लातूरच्या एका शिकवणीत पोरांच्या शंका सोडवतो, दिवसाला ऐंशी. तिथं एका रायफलीचं काय घेऊन बसलात!

झिरोइंगची, म्हणजे रायफलीचा नेम जुळवण्याची, खरी गरज पडली ती वाटेतल्या लोहा गावामुळे. तिथल्या गतिरोधकावर आमची एसटी अशी उडाली, की वरच्या फळीवरची रायफलीची पेटी थेट मल्लिनाथ सरांच्या मांडीवर उतरली. मल्लिनाथ सर म्हणजे राजकन्याचे कोच, चाकूरच्या शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे शिक्षक. सर कळवळले, पण पहिला प्रश्न रायफलीचाच विचारला.

"साइट हालली का बघ रे!"

हलली असणारच. साइट, म्हणजे डोळा लावून नेम धरायची चकती, हलली की नेम बरोबर धरूनही छर्रा भलतीकडे जातो. उपाय सोपा आहे. पाच छर्रे मारायचे, ते जिथं एकत्र पडतात तो ग्रुप. ग्रुप मध्यापासून जेवढा सरकला असेल, तेवढा साइटचा नॉब उलट फिरवायचा. नॉबचे चार टिक म्हणजे एक मिलिमीटर. दहावीचं पोरगंही करेल!

चाचणी अकराला होती. त्याआधी सरावाला आम्हाला नऊ ते दहा अशी एक लेन मिळाली. मी वही, पेन आणि व्हर्नियर कॅलिपर मांडून बसलो. शेजारच्या लेनवरच्या लोकांना वाटलं, मी तपासणीला आलोय. त्यांनी मला चहा दिला.

राजकन्यानं पाच छर्रे मारले. कप्पीवरून कागद सरकत आला. ग्रुप बघून माझे डोळे भरून आले. दोनच्या सीटवर पाच बाया बसाव्यात तसे पाचही छर्रे एकमेकांना खेटून! फक्त सगळे मध्यापासून उजवीकडे.

"डोळ्यांना विश्रांती दे. बाहेर जाऊन एक मिनिट हिरवं झाड बघ," मी शास्त्रीय सूचना केली.

मी कागद खिडकीपाशी नेला आणि तीनदा मोजला. दोन मिलिमीटर. मग शांतपणे लेनवर येऊन नॉब आठ टिक डावीकडे फिरवला आणि वहीत नोंद केली. इतकं नीटनेटकं काम मी स्वतःच्या लग्नातही करणार नाही.

दुसरा ग्रुप आला. तितकाच घट्ट, पण आता चार मिलिमीटर डावीकडे!

"असं कसं?" मी म्हणालो.

सरांनी छताकडे पाहिलं. "पंखा असंल. हवा लागून राहिली."

पंखा बंद केला. शेजारच्या लेनवाल्यांनी घाम पुसत माझ्याकडे असं पाहिलं, की दिलेला चहा आता परत मागतात की काय! मी राजकन्याला झाडाकडे पाठवलं, खिडकीत मोजमाप केलं, सोळा टिक उजवीकडे फिरवले, नोंद केली.

तिसरा ग्रुप. आठ मिलिमीटर उजवीकडे.

घड्याळात साडेनऊ.

"राजे, ट्रिगर ओढताना तू झटका देतेस का?"

"झटका दिला असता तर ग्रुप फाटला असता ना दादा! बघ की, एका बोराएवढ्या जागेत हायेत पाची!"

"मग तू जॅकेटचं बटण मागेपुढे केलंस."

"न्हाई केलं."

"श्वास?"

"घेऊन राहिले मी! तेवढा तरी घेऊ दे!"

सर मध्ये पडले. "पोरीला बोलू नको. आधीच दडपण हाय तिच्यावर."

"मग छर्रेच खराब असतील. डबा कुणी आणला?"

डबा सरांनी आणला होता. तेरा वर्षं या माणसानं चाकूरच्या पोरांना फुकट शिकवलं, आणि मी त्यांच्याकडे बुरशी लागलेल्या पेढ्यांच्या दुकानदाराकडे बघावं तसं बघत होतो! सर लांब जाऊन उभे राहिले.

मी राजकन्याला पुन्हा झाडाकडे पाठवलं, खिडकीत मोजलं. फिरवलं. बत्तीस टिक. आता नळी वाकली असेल, साइटचा स्क्रू ढिला असेल, नांदेडचं गुरुत्वाकर्षण लातूरपेक्षा आडवं असेल, काहीही असेल!

चौथा ग्रुप. कागद सरकत आला आणि राजकन्यानं डोळेच मिटून घेतले. काळ्या वर्तुळाच्या बाहेर, पार पांढऱ्यावर. सोळा मिलिमीटर डावीकडे. ग्रुप मात्र तसाच, बोराएवढा.

"माझं कायतरी चुकून राहिलंय," ती हळूच म्हणाली. "मी नाव मागं घेऊ का?"

दहाला पंधरा मिनिटं कमी होती. ही पोरगी तीन वर्षं धान्याच्या पोत्यांवर कोपर टेकवून नेम धरायला शिकलेली, आणि आता माझ्या वहीमुळे नाव मागं घेणार!

"झाड बघून ये," एवढंच सुचलं. खिडकीत मोजून आलो, उजवीकडे चौसष्ट टिक फिरवले आणि खाली बसून वही पाहिली. दोन उजवीकडे. चार डावीकडे. आठ उजवीकडे. सोळा डावीकडे.

थांबा! खराब रायफल असं वागत नाही. खराब रायफल वेडीवाकडी वागते. ही दर वेळी बरोबर दुप्पट आणि बरोबर उलट जात होती. एवढी शिस्त फक्त गणितात असते.

मी कागदावर मांडलं. चूक दोनची. एका माणसानं दोन परत फिरवले तर चूक शून्य. दोघांनी फिरवले तर दोन उलट्या बाजूला. तिघांनी फिरवले तर...

"चार!" मी ओरडलो. शेजारच्या लेनवर एकाचा छर्रा भिंतीवर गेला. "सर! राजे! इकडे या! खरं सांगा. नॉबला कुणी हात लावला?"

मग राजकन्या जमिनीकडे बघत म्हणाली, "मी. पण तुला वाईट वाटू नये म्हणून झाडाकडं जायच्या आधी फिरवायचे. मला वाटलं, तू नुसतं लिहितोस."

"नुसतं लिहितो?"

"तू वही घेऊन आला होतास ना!"

आम्ही दोघांनी सरांकडे पाहिलं. सरांनी घसा साफ केला.

"मी बी फिरवला. तू खिडकीत असताना. एम.एस्सी. झालेल्या माणसाला बोलावं कसं, म्हणून गपचिप. पोरीला काय सांगायचं, तिला आधीच टेन्शन. लई बारकाईनं मोजून फिरवायचो बरं का!"

म्हणजे तिघांनीही बरोबरच मोजलं होतं, बरोबरच फिरवलं होतं, आणि एकमेकांचा मान राखत रायफलीला नांदेडभर फिरवून आणलं होतं!

"आता चौथ्या ग्रुपनंतर कुणी फिरवला?"

तीन हात वर झाले.

"मग आत्ता ती बत्तीस मिलिमीटर उजवीकडे आहे," मी कपाळाला हात लावला. "एकशे अठ्ठावीस टिक डावीकडे. फक्त राजी फिरवेल. आम्ही मोजू."

तिनं फिरवायला सुरुवात केली. मी मोठ्यानं मोजू लागलो, सरही. मी त्रेसष्टवर होतो तेव्हा सर सदुसष्टवर होते.

"सर, तुम्ही चार जास्त मोजले!"

"तू चार खाल्लेस!"

नॉब थांबला. राजकन्यानं आमच्याकडे वळून पाहिलं. तिचा तो चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता.

"तुम्ही दोघं भायेर जा."

"अगं पण..."

"भायेर. आणि झाड बघा!"

आम्ही गेलो. अडीच तास मी आणि मल्लिनाथ सर एका कडुलिंबासमोर उभे होतो. हॉलमधून टप् टप् आवाज येत होते आणि त्यातला तिचा कोणता, ते कळत नव्हतं. मी सरांची डब्याबद्दल माफी मागितली. सर म्हणाले, "आता बोलू नको, मला मळमळून राहिलंय." झाडाची पानं मी चारशेपर्यंत मोजली. सरांचा आकडा वेगळा आला, पण या वेळी आम्ही भांडलो नाही.

साडेबाराला दारावर यादी लागली. पुढं जायचं धाडस दोघांनाही होईना. शेवटी राजकन्याच गर्दीतून बाहेर आली, जॅकेटमध्ये घामानं भिजलेली.

"तिसरी," ती म्हणाली.

सर तिथंच पायरीवर बसले आणि रुमालात तोंड घालून रडले. मी कॅलिपर हवेत उडवला, तो गटारात पडला. काही हरकत नाही!

"एकटीनं झिरो कसा केलास?" मी विचारलं.

"एक ग्रुप मारला, एकदा फिरवला. झालं."

राज्य स्पर्धेचा फॉर्म तिथंच भरायचा होता. सोबत येणाऱ्या एकाच माणसाचं नाव लिहायचं होतं. मी शर्ट नीट केला, सरांनी चष्मा पुसला. दोघंही तिच्या दोन खांद्यांवरून वाकून पाहू लागलो. तिनं स्वच्छ अक्षरात आमच्या आईचं नाव लिहिलं: नागुबाई.

"अगं, आईला रायफलीतलं काय कळतं? कोणत्या बाजूनं छर्रा सुटतो ते तरी माहीत आहे का तिला?"

"न्हाई," राजकन्या पेनाचं टोपण लावत म्हणाली. "म्हणूनच."