साक्षांकित पॅलेस्टाईन

पिंगळे आमटीलासुद्धा रिव्हिजन नंबर देत.

कुवेतमधल्या फहाहीलच्या आमच्या इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाला एक टाईप केलेला कागद चिकटवलेला होता : ‘तुरीच्या डाळीची आमटी, रिव्हिजन चार. बदल : चिंच निम्मी. कारण : पित्त.’ खाली तारीख आणि सही. याच आमटीची रिव्हिजन तीन मी कधीतरी हौसेनं मागून आणली होती. चौथी निघाल्याबरोबर पिंगळे नवा कागद घेऊन दारात हजर. माझ्या फ्रिजवरचा जुना कागद त्यांनी स्वतः काढला, फाडून त्याचे आठ तुकडे केले आणि म्हणाले, “वहिनी, जुनी प्रत वापरात राहिली की अपघात होतात.”

“आमटीनं?”

“कशानंही.”

पिंगळे मूळचे नाशिकचे. आमच्या कंपनीत ते डॉक्युमेंट कंट्रोलर होते. म्हणजे काय, हे मला कुवेतला येईपर्यंत ठाऊक नव्हतं. तेलाच्या कामात पाइपलाइनी, टाक्या, पंप यांची हजारो ड्रॉइंग्ज असतात, त्यांत सतत बदल होतात, आणि साइटवरच्या माणसाच्या हातात शेवटचंच ड्रॉइंग आहे ना, हे पाहणारा कुणीतरी लागतो. कंपनीतून बाहेर पडणारं प्रत्येक पत्र, प्रत्येक दाखला पिंगळ्यांकडून नंबर घेतल्याशिवाय हलत नसे. ‘कागदावर नाही म्हणजे नाही’ हे त्यांचं पहिलं वाक्य, आणि ‘कशाच्या आधारे?’ हे दुसरं. तिसरं मी फारसं ऐकलेलं नाही. मी खरेदी विभागात होते. आज उकाडा जास्त आहे, असं लिफ्टमध्ये सहज म्हटलं तरी ते विचारत, “कशाच्या आधारे?” जुलै महिन्यात, कुवेतमध्ये! माझा नवरा त्यांना टाळण्यासाठी चार मजले जिन्यानं चढायचा.

विक्षिप्त माणूस म्हणून मीही त्यांना सोडून दिलं असतं, पण नव्वद सालची गोष्ट आड येते. इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि आपली माणसं मिळेल त्या बसनं बगदादवरून अम्मानला निघाली, तेव्हा बायकांनी दागिने घेतले, पुरुषांनी सर्टिफिकेटं घेतली. पिंगळ्यांनी ड्रॉइंग्जचं रजिस्टर घेतलं. पाटीएवढं, चांगलं सात किलोचं. कपड्यांची बॅग मागे ठेवून. सीमेवर एका इराकी शिपायानं ते उघडलं, पानोपानी नंबरच नंबर पाहिले आणि पिंगळ्यांकडे दयेनं बघत परत दिलं. नाशिकला पोचल्यावर मिसेस पिंगळ्यांनी जाहीर केलं, की आपण त्या देशात पुन्हा पाऊल ठेवणार नाही. त्या शिक्षिका, बोलल्याप्रमाणे वागल्या. पिंगळे मात्र युद्ध संपल्यावर रजिस्टर काखोटीला मारून परतले.

ऑफिसात टेबलंसुद्धा उरली नव्हती. रजिस्टर होतं, पण त्यातली ड्रॉइंग्ज कुठायत? ती अबू मरवानच्या पलंगाखाली होती.

अबू मरवान आमचे मुख्य ड्राफ्ट्समन. पॅलेस्टिनी. जन्म गाझातला, विशीत कुवेतला आलेले. हातात इजिप्तनं दिलेला प्रवासाचा कागद, ज्यावर खुद्द इजिप्तमध्ये शिरणंही मुश्कील. आक्रमणाचे सात महिने ते इथंच राहिले आणि मूळ ट्रेसिंग्ज रोज थोडी थोडी, गादीत गुंडाळून, घरी नेत राहिले. युद्धानंतर दोघं रिकाम्या ऑफिसात जमिनीवर बसले. पिंगळे नंबर वाचायचे, अबू मरवान गुंडाळी उलगडायचे. अकरा दिवस हे चाललं. एकही ड्रॉइंग कमी भरलं नाही.

पॅलेस्टिनी नेत्यांनी इराकची बाजू घेतली, या रागातून त्या वर्षी कुवेतमधल्या लाखो पॅलेस्टिनींना निघून जावं लागलं. अबू मरवानचे भाऊ, बहीण, शेजारी, सगळे गेले. अबू मरवान राहिले ते त्या गुंडाळ्यांमुळे.

तेव्हापासून दोघं रोज दुपारी एकत्र जेवत. बोलताना अरबी, हिंदी आणि इंग्रजीची अशी भेळ करत, की शेजारच्या टेबलावरच्या माणसाला तिन्ही भाषा येत असूनही काही कळू नये. अरबीत ‘प’ नाही, म्हणून अबू मरवान त्यांना ‘बिंगले’ म्हणत; हाक मारताना ‘या बिंगले’, म्हणजे ‘अरे बिंगले’. पिंगळ्यांनी याला लेखी हरकत घेतली नाही. यावरून मैत्री किती खोल होती ते समजावं.

त्र्याण्णव साली इस्रायल आणि पॅलेस्टिनींचा शांतता-करार झाला. टीव्हीवर हस्तांदोलन दाखवलं. कँटीनमध्ये कुणीतरी बकलावा, ती तिकडची मिठाई, वाटला. पिंगळ्यांनी इंग्रजी पेपरातला कराराचा मजकूर कापून घेतला आणि लाल पेन्सिल घेऊन बसले.

“अबू मरवान, हे ‘फॉर कन्स्ट्रक्शन’ नाही. ‘फॉर कॉमेंट्स’ आहे. सीमारेषा दाखवलेली नाही. जेरुसलेमचा तपशील ‘नंतर’. परत येणाऱ्यांचा तपशील ‘नंतर’. असल्या ड्रॉइंगवर मी कंपाउंडची भिंतसुद्धा बांधू देणार नाही.”

“या बिंगले,” अबू मरवान बकलावा चावत म्हणाले, “पंचेचाळीस वर्षांनी कुणी ड्रॉइंग तरी काढलं.”

पुढे कित्येक दिवस तो लाल खुणांचा कागद त्यांच्या टेबलाच्या काचेखाली होता.

मग नव्याण्णव साल आलं. दोन हजार उजाडताच जुने कॉम्प्युटर बंद पडणार, या धास्तीनं कंपनीनं परदेशातून नवी सिस्टिम आणली. सगळ्या कर्मचाऱ्यांची माहिती तिच्यात भरली. नागरिकत्वाच्या रकान्यात हातानं लिहायची सोय नव्हती. यादीतून देश निवडायचा. यादीत पॅलेस्टाईन नव्हतं. माहिती भरणाऱ्यानं अबू मरवानच्या नावापुढं ‘इतर’ निवडलं आणि तो चहाला गेला.

काही महिने हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. दोन हजार सालच्या उन्हाळ्यात अबू मरवान निवृत्त झाले. बायको वारलेली, मुलगा कॅनडात, तिकडचा व्हिसाही मिळाला होता. आता हवा होता फक्त तीस वर्षांच्या नोकरीचा दाखला. सिस्टिमनं दाखला छापला, तो नंबरासाठी पिंगळ्यांकडे आला आणि पिंगळ्यांनी नंबर द्यायला साफ नकार दिला.

“‘इतर’ हा देश कुठं आला?” भर ऑफिसात उभे राहून त्यांनी विचारलं. आवाज चढलेला मी प्रथमच ऐकला. “या यादीत असली असली बेटं आहेत, जिथला एक माणूस कधी या ऑफिसची पायरी चढलेला नाही. आणि ज्याच्यामुळे या कंपनीची ड्रॉइंग्ज शिल्लक राहिली, तो ‘इतर’?”

अबू मरवाननी त्यांना हात धरून खाली बसवलं. “हबीबी, मंगळ लिही. मी सही करतो.”

“मंगळाला भारत सरकारची मान्यता नाही,” पिंगळे म्हणाले. “तुम्हाला आहे. अठ्ठ्याऐंशी सालापासून. आम्ही रांगेत पुढं होतो, मागं नाही.”

खरं सांगते, तोवर हे मला माहीत नव्हतं. ऑफिसातल्या कुणाही भारतीयाला माहीत नव्हतं. पण पिंगळ्यांनी हे असं म्हटलं, की जणू दिल्लीतल्या त्या कागदाला नंबर यांनीच दिला होता, आणि आम्ही सगळे उगाचच जरा ताठ बसलो.

पर्सोनेलच्या साहेबांनी मात्र विचारलं, “कशाच्या आधारे?”

हा प्रश्न पिंगळ्यांना कुणीतरी विचारावा, म्हणून मी वर्षानुवर्षं वाट पाहत होते. आता मजा येईल, असं मला वाटलं. पिंगळे शांतपणे म्हणाले, “आधार देतो,” आणि त्यांनी नाशिकला फोन लावला.

मिसेस पिंगळ्यांनी तीन दुपारी वाचनालयात काढल्या. अठ्ठ्याऐंशी सालच्या मराठी वर्तमानपत्रांचे बांधीव गठ्ठे उपसून बातमी शोधली, तिची झेरॉक्स काढली, आणि नवऱ्याला ओळखून असल्यामुळे तेवढ्यावर न थांबता ती सरकारी कॉलेजच्या प्राचार्यांकडून साक्षांकित करून घेतली. पाकीट आलं तेव्हा मी ते हातात घेऊन पाहिलं. पॅलेस्टाईनला भारताची मान्यता मिळाल्याची दोन कॉलमी बातमी, आणि तिच्यावर तिरपा जांभळा शिक्का : ‘सत्यप्रत’. खाली प्राचार्यांची सही. शेजारच्या अर्ध्या जाहिरातीत कुणीतरी सवलतीत साड्या विकत होतं. तीही साक्षांकित झाली होती.

पिंगळे हा कागद घेऊन मुदीरकडे, म्हणजे आमच्या मॅनेजरकडे गेले. मी खरेदीच्या ऑर्डरवर सही घ्यायला आधीच तिथं बसले होते. मुदीर कुवेती. त्यांच्या धाकट्या भावाला आक्रमणात इराक्यांनी पकडून नेलं होतं आणि तो परत आला नव्हता. अबू मरवानशी ते अदबीनं वागत, पण ‘फिलस्तीनी’ हा शब्द दहा वर्षांत त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. मला वाटलं, आज पिंगळ्यांची नोकरी जाते.

मुदीरनी कागद उलटसुलट करून पाहिला. “ही कुठली भाषा?”

“मराठी. माझी.”

“आणि हा शिक्का?”

“प्राचार्यांचा. सर, तुमच्या देशानंही त्याच वर्षी मान्यता दिली आहे. ती रद्द केल्याचा कागद माझ्याकडे आलेला नाही.”

वाचता न येणाऱ्या त्या बातमीकडे मुदीर इतका वेळ बघत राहिले, की मी माझी ऑर्डर हळूच फाईलीत सरकवली. शेवटी म्हणाले, “ठेवून जा.”

त्यानंतर आठवडा गेला, दोन गेले. विचारलं की पिंगळे म्हणत, “अंडर रिव्ह्यू.” अबू मरवानचं घरसामान विकून झालं होतं, एक पलंग आणि दोन बॅगा तेवढ्या उरल्या होत्या. निवृत्त झालेला हा माणूस रोज दुपारी जेवायला ऑफिसात यायचा. अमेरिकेत तेव्हा पुन्हा बोलणी चालली होती, आणि जेवताना पिंगळे त्यांना समजावत, की सप्टेंबरपर्यंत अंतिम प्रत निघेल, सीमारेषेसकट. (ती निघाली नाही. तिकडे पुन्हा रक्त सांडू लागलं, तेव्हा पिंगळे मला म्हणाले होते, “होल्डवर आहे, वहिनी. होल्ड म्हणजे रद्द नव्हे.” त्यांनी डोळे पुसले, तेही कागदी रुमालानं.)

मला त्यांचा राग यायला लागला होता. तत्त्व ठीक आहे, पण त्यापायी एका म्हाताऱ्या माणसाची अडवणूक? एकदा मी तोंडावर बोलले. “पिंगळेसाहेब, त्यांचा मुलगा तिकडे वाट बघतोय. तुम्ही मुदीरना आठवण का करत नाही?”

पिंगळे डबा धुवत होते. “येईल दाखला,” एवढंच म्हणाले. कशाच्या आधारे, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

तेविसाव्या दिवशी दाखला आला. यादीत नवा देश घातला गेला होता. ‘नागरिकत्व : पॅलेस्टिनी.’ अख्खं ऑफिस तो कागद बघायला जमलं.

निरोपाच्या केकला मुदीर स्वतः आले. अबू मरवानना मिठी मारून सगळ्यांसमोर म्हणाले, “हा आमचा फिलस्तीनी भाऊ.” मला अरबी बेताचंच येतं, पण एवढं कळलं, आणि माझ्या अंगावर काटा आला. नाशिकच्या जांभळ्या शिक्क्यानं जे केलं, त्याचा मला अजून अभिमान वाटतो.

जाता जाता मुदीर माझ्यापाशी थांबले. “तुमचे बिंगले हल्ली मंदावलेत. मी तर त्याच दिवशी सही करून मंजुरी त्यांच्याकडे पाठवली होती.”

माझ्या तोंडात केक होता. ज्या पिंगळ्यांच्या टेबलावर कागद कधी मुक्कामाला राहिला नाही, त्यांनी हा कागद बावीस दिवस ड्रॉवरमध्ये ठेवला होता.

शुक्रवारी सकाळी दोघांना घेऊन मी विमानतळावर गेले. अबू मरवानच्या हातात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये दाखला. काउंटरवरच्या मुलीनं तिकीट मागितलं, त्यांनी दाखला दिला. “याची गरज नाही, सर.” “माहीत आहे. वाच.” तिनं वाचला. मग मागच्या रांगेतल्या एका मल्याळी कुटुंबाला तो वाचावा लागला, हमालालाही वाचावा लागला. शेजारी पिंगळे छाती काढून उभे होते.

थोड्या वेळानं ते बॅगांच्या चिठ्ठ्या लिहायला बाजूला गेले, आणि मला राहवेना.

“अबू मरवान, हा दाखला तर केव्हाच निघाला असता. मुदीरनी त्याच दिवशी...”

“ठाऊक आहे. त्यांनी मला त्याच संध्याकाळी फोन केला होता.”

“मग तुम्ही पिंगळ्यांकडे मागितला का नाही?”

अबू मरवान लांबून त्यांच्याकडे बघत होते. पिंगळे बॅगेवर वाकून, एकेक अक्षर सुटं काढत, कॅनडाचा पत्ता लिहीत होते.

“मागितला असता,” अबू मरवान म्हणाले, “तर त्यानं दिला असता ना.”