जावयाचे साधे पडसे

आडबंदर गावात फ्लूच्या साथीचे अधिकृत आगमन एकोणीसशे सत्तावन्न सालच्या मार्गशीर्षात झाले. अनधिकृत आगमन त्याआधी काही दिवस, मुंबईच्या आगबोटीने झाले होते. पण ते नानांचे जावई मधूभाऊ यांच्या नाकातून झाल्यामुळे त्याला 'साधे पडसे' असे नाव देण्यात आले आणि विषय मिटला.

नाना म्हणजे मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. नोकरी संपली, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तसे त्यांचे झाले होते. घरात ते चारचौघांसारखे मालवणीत बोलत. खुर्चीवर बसले की त्यांच्या तोंडून 'सदरहू' आणि 'उपरोक्त' आपोआप बाहेर पडू लागे. गावात खुर्च्या दोनच होत्या. एक शाळेत आणि एक नानांच्या ओटीवर.

मधूभाऊ लग्नानंतर पहिल्यांदाच सासुरवाडीला आले होते. नवा जावई म्हणजे देवाच्या खालोखाल, त्यामुळे त्यांच्यासाठी इसवण घ्यायची ठरली. मासळी विकणारी गोदूबाई पाटी घेऊन ओटीखाली बसली आणि मधूभाऊ मासा पारखायला तिच्या डोक्यावर वाकले. पारखता पारखता ते तीनदा शिंकले. मुंबईचा माणूस शिंकतोही कसा ऐटीत, असे शेजारणी नंतर बोलत होत्या. गोदूबाईने पदराने तोंड पुसले, तुकड्या करून दिल्या आणि पाटी उचलून पुढच्या दारी गेली. दोन दिवसांनी तिला हुडहुडी भरली, आणि आडबंदरला साथीचा पहिला अधिकृत रुग्ण मिळाला.

साथ मुंबईत मे महिन्यात आली होती. तिच्याबद्दलचे परिपत्रक आडबंदरला डिसेंबरात पोचले. रोगाला आगबोट मिळते, कागदाला मिळत नाही, त्याला कोण काय करणार? परिपत्रकात म्हटले होते की आजाऱ्याला इतरांपासून वेगळे ठेवावे, गर्दी टाळावी आणि गावाने काय उपाय योजले ते तालुक्याला कळवावे. पहिल्या दोन वाक्यांवर नानांची नजर घसरून गेली. तिसरे मात्र त्यांनी मोठ्याने वाचले. त्याच संध्याकाळी 'साथ प्रतिबंधक समिती' स्थापन झाली. नाना अध्यक्ष झाले. पोलीस पाटील, शाळामास्तर आणि रवळनाथाचा गुरव हे सभासद झाले. सभा नानांच्या ओटीवर, दाटीवाटीने बसून झाली. मधूभाऊ निमंत्रित म्हणून मधोमध बसले होते. त्यांनी मुंबईत साथ कशी पसरली याचे सविस्तर वर्णन केले, आणि मध्ये मध्ये शिंकून ते अधिक जिवंत केले.

उपाय नानांनीच सुचवला. त्यावर्षी गावपळण यायची होती. दर तीन-चार वर्षांनी रवळनाथाचा कौल घेऊन सारा गाव गुराढोरांसकट, कोंबड्याकुत्र्यांसकट शिवेबाहेर जाऊन तीन दिवस राहायचा, ही आडबंदरची जुनी रीत. त्या तीन दिवसांत गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, माणूस म्हणून कोणी दिसता कामा नये. नाना म्हणाले, तीच पळण साथीच्या कामी लावू. गावात माणूसच उरले नाही तर रुग्ण कुठून उरेल? म्हणजे ज्या दिवशी गाव बाहेर पडेल त्या दिवशी गावातील रुग्णांची संख्या शून्य होईल, आणि तसे तालुक्याला खोटे न बोलता कळवता येईल. सभासदांनी माना डोलावल्या. इतके सोपे आपल्याला कसे सुचले नाही याचे मास्तरांना वाईट वाटले.

कौल घ्यायला सगळे देवळात गेले. गुरवाने देवाला पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणे घातले. डावी पाकळी पडली, म्हणजे देव नको म्हणाला. नाना म्हणाले, प्रश्न मोघम होता. प्रश्न दुरुस्त करून पुन्हा विचारला. पुन्हा डावी पडली. नानांनी प्रश्नाला दोन पोटकलमे जोडली आणि तिसऱ्यांदा विचारायला लावले, तेव्हा उजवी पडली. मोठमोठे शेतकरी नानांपुढे कचेरीत थकले होते, तिथे देव तरी किती तग धरणार!

आता प्रश्न उरला गोदूबाईचा. तिचा मुलगा लवू ओटीखाली हात जोडून उभा राहिला. रापणीचे जाळे ओढून तसाच आला होता, अंगावर खारे पाणी वाळले होते.

"नानानू, आवशीक घरातच रवांक द्या. मी दाराभायर रवान तिका पेज देयन."

"लवू, घर गावात आहे. पळणीत गावात कोणी राहिले तर देवाचा नियम मोडतो."

"मगे तिका सगळ्यांवांगडा पलतडीक नेतंय."

"आजाऱ्याला माणसांत नेले तर सरकारचा नियम मोडतो."

"मगे ती जातली खंय?"

हा प्रश्न नानांना आवडला. त्याचे उत्तर कुठल्याच नियमात नव्हते, म्हणजे ते त्यांना स्वतःला देता येणार होते. त्यांनी थोडा वेळ डोळे मिटले आणि निर्णय दिला. गावाची शीव खाडीच्या मध्यावर आहे. अलीकडे गाव, पलीकडे मळई, म्हणजे गाळाची मोकळी जमीन, जिथे सगळे राहायला जाणार. तेव्हा खाडीच्या मध्यावर होडी नांगरावी आणि रुग्णाला तीत ठेवावे. असे केले की ती गावातही नाही आणि माणसांतही नाही. देवही राजी, सरकारही राजी. गोदूबाई राजी आहे का, हे विचारण्याची तरतूद कुठे नव्हती. ज्याला खोकला येईल त्याने होडीत जावे आणि होडीला शिवेल त्यानेही होडीतच राहावे, असे दोन नियम नानांनी लगेच करून टाकले.

गोदूबाईला खांद्याचा आधार देऊन बंदरावर आणली तेव्हा तिच्या अंगाला हात लाववत नव्हता इतके ते तापले होते. तरी तिची जीभ शाबूत होती. गर्दीत मधूभाऊ गळपट्टा गुंडाळून उभे होते, त्यांच्याकडे तिने पाहिले.

"मुंबयसून शिंक हाडल्यान तुमच्या जावयान, आणि होडी माका?"

नानांच्या बायकोने, सावित्रीबाईने, खाली पाहिले. इसवण घेतली त्या दिवशी ओटीवर ती मागेच उभी होती आणि तिने तिन्ही शिंका ऐकल्या होत्या. नाना मात्र वेगळाच हिशेब करू लागले. पहिल्याच मुक्कामात जावई होडीत बसवला तर लेकीला तो नांदवील का, आणि अध्यक्षांच्या घरातून साथ निघाली हे गावाला कळले तर खुर्ची राहील का? त्यांनी घसा साफ करून जाहीर केले की मधूभाऊंना साधे पडसे आहे आणि पडसे हा समितीच्या कक्षेत येणारा विषय नाही. एक म्हातारी बाई तापाने फणफणत उघड्या होडीत चढते आहे आणि शे-दोनशे धडधाकट माणसे कक्षेचा विचार करत उभी आहेत! लाज नावाची गोष्ट त्या दिवशी बहुतेक गाव सोडून आधीच शिवेबाहेर गेली असावी. लवूने कोणाला न विचारता होडीत उडी टाकली. आता त्याला नियमाने परत येता येत नव्हते, आणि त्याला यायचेही नव्हते.

होडी भरतीच्या वेळी नांगरली. ओहोटीला त्या वळणावर पाणी गावाच्या अंगाला सरते आणि नांगरलेली होडी त्याबरोबर गावाच्या चिखलाला जाऊन टेकते, हे आडबंदरात न कळत्या पोरालाही ठाऊक होते. पण समितीत पोरे नव्हती, आणि मोठ्यांना कोणी विचारले नव्हते.

मळईवर सगळ्या गावाने झावळ्यांच्या झोपड्या उभारल्या. एरवी वाड्यावाड्यांत लांब लांब राहणारी माणसे आता एकमेकांच्या कुशीला लागून झोपू लागली. गर्दी टाळण्यासाठी सगळ्यांची पेज एकाच हंड्यात शिजे. संध्याकाळी भजन होई. एकाच्या तोंडासमोर दुसऱ्याचे तोंड, आणि सगळी तोंडे उघडी. दुपारी पत्त्यांचा डाव बसे. पत्ते मधूभाऊ पिसत, आणि पिसताना बोट जिभेला लावायची त्यांची मुंबईची सवय होती. साथीपासून पळून आलो म्हणून सगळे खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस पाटील खोकले. नियमाप्रमाणे ते होडीत जायला हवे होते. नानांनी सभा घेऊन ठरवले की सकाळचा खोकला धुळीचा असतो. दुपारी भजनी मंडळ खोकले. तो घसा बसल्याचा खोकला ठरला. गुरवाला थंडी भरली, ती देवाची मानली गेली. मास्तरांनी भीत भीत विचारले की समितीच्या सभासदांचा ताप होडीस पात्र आहे की नाही. नाना म्हणाले, होडी एक आणि गाव एवढे. सगळे पात्र ठरले तर होडी बुडेल. सबब कोणीच पात्र नाही. कोळीवाड्यातली मथुरा खोकली तेव्हा मात्र तिची पात्रता विचारात घ्यावी असे दोघांनी सुचवले. पण ठराव मांडून होण्याआधीच दोघे आडवे झाले.

तिसऱ्या दिवशी मळईवर उभे माणूस राहिले नाही. गाई हंबरत होत्या, हंडा पालथा पडला होता, चूल विझली होती. नानांना स्वतःला पहाटेपासून खोकला येत होता. तो त्यांनी शेवटपर्यंत सुपारी लागल्याचा म्हणून चालवला. पण सुपारीने दात वाजत नाहीत. खाडीत मात्र होडीवर गोदूबाई उठून बसली होती. वाऱ्यावर पडून, लवूच्या हातची मऊ भाताची आटवल खाऊन तिचा ताप उतरला होता आणि लवू तर ठणठणीत होता.

नाना धडपडत पाण्यापर्यंत गेले. सगळे सभासद झोपून असल्याने अध्यक्षांनी एकट्यानेच ठराव मांडला, त्याला अनुमोदन दिले आणि तो मंजूर केला. ज्या अर्थी मळईवरील झाडून सर्वांना ताप आहे, त्या अर्थी ताप हीच गावाची सर्वसाधारण प्रकृती समजावी, आणि होडीतील दोघांनी ताबडतोब येऊन गावासाठी पेज शिजवावी.

"येतंय," गोदूबाई होडीतून म्हणाली. "आदी जावयाक होडयेत घाला."

"मधूभाऊंना साधे पडसे आहे."

"पडसा आसा तर पेज कित्याक व्हयी? उठान चूल पेटवंदेत."

नानांना 'साथ' हा एकच शब्द बोलायचा होता. तो बोलला की लहान मुलांच्या तोंडात पेज पडणार होती, आणि तोच त्यांच्या तोंडून निघेना. तेवढ्यात मागून सावित्रीबाई आली. अंगात ताप, केस सुटलेले. ती गुडघाभर पाण्यात शिरली.

"गोदू, साथ आमच्याच घरातसून इली गो. माका ठावक होता. मी गप रवलंय."

मळईवर ज्यांना ऐकू येण्याइतकी शुद्ध होती त्या सगळ्यांनी हे ऐकले. नानांनी तत्काळ जाहीर केले की सदरहू विधान तापाच्या भरात झालेले असल्याने ते कामकाजातून वगळण्यात येत आहे. पण गोदूबाईने नांगर उचलायला सांगितला होता. तिने आणि लवूने दिवसभर पेज शिजवली, झोपडीझोपडीत फिरून पाजली. मधूभाऊंनी दोनदा मागून घेतली.

गाव परतल्यावर, सगळे बरे होऊन पायांवर उभे राहिल्यावर, देवळात सभा भरली. नानांनी अहवाल वाचला. पळणीच्या काळात गावात एकही रुग्ण नव्हता, तेव्हा उपाय पूर्ण यशस्वी झाला. मग एवढी माणसे आजारी का पडली? याचा समितीने सखोल शोध घेतला होता. होडी प्रत्येक ओहोटीला शीव ओलांडून गावात येत होती. म्हणजे गोदूबाई पळणीच्या काळात गावात होती. देवाचा नियम तिने मोडला आणि त्याची शिक्षा साऱ्या गावाला भोगावी लागली. तिने देवाला कोंबडा आणि नारळ द्यावा, आणि पुढला कौल होईपर्यंत कोणाच्या दारात पाटी उतरवू नये.

लवू उभा राहिला, पण गोदूबाईने त्याचा हात धरून खाली बसवले. तिने देवळातल्या एकेका तोंडाकडे पाहिले. ती सगळी तिने मळईवर वाटीने भरवलेली होती. हरकत असेल त्याने हात वर करावा, असे नाना म्हणाले. सावित्रीबाईला सभेला येऊ दिले नव्हते. एकही हात वर गेला नाही.

तालुक्याहून आरोग्य निरीक्षकांचे शाबासकीचे पत्र आले आणि आडबंदरचा उपाय इतर गावांनी गिरवावा असेही कळवण्यात आले. गोदूबाईची पाटी दारात उतरेनाशी झाली. पण मासळीवाचून जेवण घशाखाली उतरेना, तेव्हा ती मागच्या दारी उतरू लागली. बंदी दाराची होती, मागच्या दाराचा ठरावात उल्लेख नव्हता. नानांकडे इसवण मागच्याच दारी घेतली जाई, आणि ती घेताना सावित्रीबाई गोदूबाईच्या डोळ्यांना डोळा देत नसे.

मधूभाऊ आगबोटीने परत गेले. आगबोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात बसताना त्यांनी शेजारी बसलेल्या कोणा परक्या बाईच्या खांद्यावर एक सणसणीत शिंक दिली, आणि बाई चमकली तशी नानांनी काठावरून तिला हसून समजावले.

आता तुम्हाला नानांचा राग आला असेल. चांगले आहे. आपण त्या देवळात असतो तर हात नक्की वर केला असता, असेही वाटत असेल. वाटू द्या, त्याला खर्च नाही. फक्त हे वाचता वाचता मध्येच कुठेतरी खोकल्याचा आवाज आला, तेव्हा तुम्ही चटकन शेजारच्या घराकडे पाहिलेत. तो खोकला तुमचाच होता. पण काळजी करू नका, तुमचे साधे पडसेच असणार.